कमानीची आतली बाजू

पेचकसाचं टोक रंगाऱ्यानं चाकावरच्या कमानीला आतून नुसतं टेकवलं, तर भिजल्या पुठ्ठ्यात जावं तसं ते मुठीपर्यंत आत गेलं. गंजाचा पापुद्रा सुटून त्याच्या गालावर पडला. डोळे मिटून तो तसाच थोडा वेळ ट्रकखाली उताणा पडून राहिला.

"काय म्हणतंय?" बाहेरून दूधवाल्यानं विचारलं. ट्रक त्याचाच होता. पहाटेपासून दुपारपर्यंत दुधाचे कॅन वाहायचे आणि मग धुऊन उभा करायचा, असा त्याचा नेम होता.

"सडलंय."

"ते मलाही दिसतंय हो. बाकीची तीन चाकं बघा. आतला लेप काल लावल्यासारखा काळाकुळकुळीत. आणि हे चौथं. एका दिवसात, एका हातानं केलेलं काम ना?"

रंगारी सरपटत बाहेर आला. शेड अरुंद होती. ट्रक उलटा घेऊन लावायची इथली जुनी रीत, त्यामुळे मागची चाकं थेट भिंतीशी जात. भिंत आणि चाक यांच्यामध्ये त्याच्यासारखा काटकुळा माणूसच मावे.

"मी काय म्हणतो," दूधवाल्यानं आवाज उतरवला, "राग मानू नका. तुमचा दादा देवमाणूस होता. पण शेवटी शेवटी त्याचा हात गेला होता. माझ्या साडूचेही दोन ट्रक आहेत, त्यालाही मी तेच सांगितलं. म्हटलं, पाटीवर नाव त्याचंच आहे अजून, पण त्या नावाचं काम आता राहिलं नाही."

शेडच्या मागच्या दाराशी वहिनी चहाची किटली घेऊन उभी होती. ती आत आली नाही, परतही गेली नाही.

गल्लीत दोघा भावांना 'आतला' आणि 'बाहेरचा' म्हणत. दादा आतला. कमानीत डोकं घालून तारेच्या ब्रशनं चिखल, गंज, जुनं ग्रीस खरवडायचं, धुवायचं, दिवसभर वाळू द्यायचं, मग गंज धरू नये म्हणून तांबड्या रंगाचा हात द्यायचा. हा बाहेरचा. दारावरची अक्षरं, कडेच्या वेली आणि शेवटी कमानीच्या आत फवाऱ्यानं काळा लेप, हे याचं. त्याचा लेप आरशासारखा बसे. ट्रकवाले वाकून बघत आणि म्हणत, वा, आतूनसुद्धा नवरदेव केलात की.

पण याचा लेप वाळतो न वाळतो तोच दादा खिळा घेऊन येई. कमानीच्या खालच्या दुमडीत पाणी जायला दोन बारीक भोकं असतात. लेपानं ती बुजत. दादा ओठांत देवाचं नाव घेत त्याच ठेक्यावर खरडी. खर्र, खर्र, खर्र, आणि मग एक फुंकर. इतक्या मेहनतीच्या काळ्या आरशावर दोन ओरखडे उमटत.

"दोन थेंब पाण्यानं काय होतंय रे?" हा म्हणे.

"बाहेरचं माणसं बघतात," दादा म्हणे, "आतलं पाणी बघतं. पाण्याला वाट ठेवावी."

दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हाच दुधाचा ट्रक. त्या दिवशी तीन चाकांवर ओरखडे पडल्यावर याचं टाळकं फिरलं. चौथ्याशी दादा बसतो तोच हा म्हणाला होता, "यापुढं माझ्या कामाला खिळा लावायचा नाही. चार लोकांत लाज जाते माझी."

दादानं त्याच्याकडे पाहिलं. मग खिळ्याला बांधलेला दोरा दाराजवळच्या खुंटीला अडकवला आणि हात धुवायला गेला. महिन्याभरात त्यानं अंथरूण धरलं, ते सुटलंच नाही.

तेव्हापासून दोन वर्षं रंगारी एकटाच काम करत होता. लेप अखंड, भोकं बुजलेली. एकही ट्रक सडून परत आला नाही, म्हणून तो मनाशी म्हणे, बघ दादा, तूच चुकलास. पण दुपारी जेवून मागच्या पडवीत आडवा झाला की डोळ्यावर झापड येता येता शेडमधून आवाज येई. खर्र, खर्र, खर्र. कधी शेवटी फुंकर असे, कधी नसे. पहिल्यांदा तो धावत गेला होता. शेडमध्ये कुणी नव्हतं. नंतर त्यानं जाणं सोडलं. उशी कानावर घेई.

"मग? या चाकाचं काय करायचं म्हणता?" दूधवाला अजून उभाच होता.

रंगाऱ्यानं गालावरचा गंज पुसला. मागच्या दाराकडे त्याची नजर गेली आणि लगेच खाली आली. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. मेलेला माणूस काही पाटी उतरवून भांडायला येत नाही.

"हे चाक दादाचं नाही," तो म्हणाला. "त्याची ती तीन. हे माझं."

"तुमचं? लेप तर चारींवर तुमचाच."

"त्यानं तिन्हींची भोकं उघडली. याला हात लावू दिला नाही मी. साडूलाही एवढं सांगा."

दूधवाल्यानं वाकून चौथ्या चाकाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग टोपी नीट करत म्हणाला, "सांगतो. पण मग पाटी कुणाच्या नावाची ठेवणार?"

"आहे तीच."

तो गेल्यावर वहिनीनं चहा ओतला.

त्याच दुपारी विटा वाहणारा आला, मागच्या फळीवरची अक्षरं उजळून घ्यायला. त्याच्या ट्रकचा लेप गेल्या वर्षीचा, रंगाऱ्यानं एकट्यानं दिलेला. अक्षरं राहिली बाजूला. ट्रक रस्त्यावर उभा असतानाच रंगारी जमिनीवर आडवा झाला आणि कमानीत बॅटरी मारली. पुढच्या चाकांची भोकं उघडी होती. मागच्या चाकांचीही. प्रत्येक भोकाशी एकेक बारीक ओरखडा, लेप ओला असतानाच पडलेला.

"काय हरवलं?" विटावाल्यानं विचारलं.

"काही नाही."

"मग सापडलं काय?"

रंगारी उठून शेडमध्ये गेला. खुंटीपाशी जाऊन खिळा हातात घेतला. दोन वर्षं टांगलेल्या लोखंडावर गंज हवा होता. खिळ्याचं टोक मात्र घासून चकचकीत झालं होतं आणि दोऱ्याच्या गाठीत काळा लेप वाळला होता.

दुधाच्या ट्रकचा सडलेला पत्रा कापून नवा जोडायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तांबडा हात. चौथ्या दिवशी दुपारी त्यानं चारी कमानींना लेप दिला, अगदी सावकाश. त्यानंतर तो आडवा झाला नाही. पडवीच्या पायरीवर बसला आणि वहिनी बाहेर आल्यावर म्हणाला, "आज चहा आधीच करा, मग इथं बसा."

वहिनीनं चहा आणला. कप पुढे करताना तिच्या अंगठ्याच्या नखाखाली काळी कोर दिसली. जुनी, न निघणारी.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

तिनं हात मागे घेतला नाही. "ह्यांनी सांगितलं होतं, शेवटच्या आठवड्यात. म्हणाले, तो बुजवत जाईल, तू उघडत जा. आणि त्याला सांगू नको, त्याला राग येतो." ती थोडं हसली. "तुम्ही घोरायला लागलात की जाते. आज जागे राहिलात, तर माझी पंचाईत."

त्याला हसू आलं. "मला वाटायचं..."

"ठाऊक आहे काय वाटायचं. उशी घेता कानावर. मलाच वाईट वाटे, भावोजी."

"मग एवढ्या अडचणीत, गुडघ्यांचं हे असं असताना चारी चाकं..."

"चारी कसली?" वहिनी म्हणाली. "पुढची दोन तेवढी. तीन तीनदा खरडते नि उठते. मागची चाकं तुम्ही भिंतीशी नेऊन लावता. तिथं मी मावते होय? म्हटलं, जमतं तेवढं आपण करावं, बाकीचं वरचा बघून घेईल."

चहावर साय धरायला लागली होती. तो तिच्याकडे बघत राहिला, मग कपाकडे. विटावाल्याच्या ट्रकची मागची भोकंही उघडीच होती, हे त्यानं तिला सांगितलं नाही.

"निवतोय," ती म्हणाली.

त्यानं चहा एका घोटात संपवला. खुंटीवरचा खिळा घेतला आणि भिंतीला पाठ घासत दुधाच्या ट्रकच्या मागच्या चाकापाशी शिरला, दादा बसायचा तसा गुडघे मोडून. लेप अजून बोटाला चिकटत होता. दुपारभर तो आणि वहिनी पायरीवर होते. शेडमध्ये दुसरं कुणी आलं नव्हतं.

खिळा त्यानं भोकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

भोक उघडं होतं. खाली फरशीवर लेपाचा ओला, वळलेला कण पडला होता.

पडवीतून वहिनीच्या कप विसळण्याचा आवाज येत होता. त्यानं खिळा खिशात ठेवला, तोंड कमानीच्या कडेशी नेलं आणि हलकेच फुंकर मारली.