दुसरी किल्ली

"मास्तर, टेप सोडा आता. कापड नाही हे, धुतल्यावर आटणार नाही," असे म्हणून वेल्डरने डोळ्यांवरची काळी काच कपाळावर सरकवली.

मास्तरांनी टेप सोडली नाही. अंगणात चार लाकडी ठोकळ्यांवर पिकअपची चासी उघडी पडली होती. केबिन उतरवलेली, हौदा उतरवलेला. इंजिन आणि चाके तेवढी जागेवर. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ती शेडमधल्या जुन्या गाडीपेक्षा एक वीत चार बोटे जास्त भरत होती. तेवढा तुकडा मधून कापून काढायचा, टोके जुळवायची आणि आतून पट्ट्या घालून जोड भरायचा, असे ठरले होते. मास्तरांनी तिसऱ्यांदा माप घेतले, खिशातून शिंप्याचा चपटा खडू काढला आणि लोखंडावर दोन सरळ रेघा ओढल्या. शर्टांच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म कटिंगच्या टेबलाशी काढला होता. एकावर एक रचलेल्या थरांत कात्री शिरण्याआधी ते श्वास रोखून धरत. आताही त्यांनी तो रोखला.

"पिकअप कुणाची म्हणालात?" वेल्डरने ग्राइंडर उचलत विचारले.

"घरचीच."

"घरची म्हणजे मुलाची," मास्तरांची बायको भिंतीकडून म्हणाली. पिकअपच्या केबिनमधली लांबट सीट तिने भंगारात जाऊ दिली नव्हती. ती भिंतीला टेकवून तिच्यावर बसून ती भाजी निवडत होती. "अंड्यांची गाडी होती त्याची. रोज पहाटे निघायचा."

वेल्डरचा अंगठा बटणावरच थांबला. "मग वहिनी, त्याला माहीत आहे ना?"

"तुमच्या मास्तरांना विचारा."

"तो आता येत नाही," मास्तर म्हणाले. "तिकडं पक्की नोकरी आहे त्याला."

"दुसरी किल्ली घेऊन गेलाय," ती भाजीवरची नजर न काढता म्हणाली. "ज्याला यायचं नाही, तो किल्ली कशाला नेईल?"

"राहिली असेल खिशात."

"दोन वर्षं?"

मास्तरांनी वेल्डरकडे पाहिले. "चालव."

ठिणग्यांचा झोत भिंतीपर्यंत गेला. बायकोने सूप उचलले आणि ती आत गेली.

जुनी गाडी मास्तरांच्या वडिलांची. वडील एका कारखान्याच्या साहेबांचे ड्रायव्हर. साहेब कारखाना विकून गेले तेव्हा जाता जाता गाडी ड्रायव्हरला देऊन गेले. गाडी मालकीची झाली, तरी वडिलांच्या लेखी ती साहेबांचीच राहिली. ते रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्यात पुढे बसत, मागची सीट रिकामी ठेवत. बायकोलाही त्यांनी तिथे कधी बसवले नाही. मास्तर लहानपणी एकदा, वडील झोपलेले पाहून, स्टिअरिंगपुढे जाऊन बसले होते. वडील ओरडले नाहीत. त्यांनी पिवळे फडके आणले, मुलाला दंडाला धरून खाली उतरवले आणि तो बसला होता ती जागा नीट पुसून काढली. मार बसला असता तर मास्तर विसरून गेले असते.

वडील गेले, गाडी शेडमध्ये राहिली. वरून पत्रा शाबूत होता. खालची चासी गंजून बिस्किटासारखी झाली होती. निवृत्तीनंतर मास्तरांनी तिला रस्त्यावर आणायचे मनावर घेतले. मोटारीतले त्यांना ओ की ठो कळत नव्हते. जॅक कुठे लावायचा इथपासून ते शिकले. वेल्डर म्हणाला, जुनी चासी दुरुस्त होणार नाही, खाली दुसरी घालावी लागेल. मास्तरांनी दुसरी शोधलीच नाही. मुलाची पिकअप शेडच्या दाराशी ताडपत्रीखाली उभी होती.

मुलगा गेला त्याला कारण घडले होते ते इतकेच, की अंडी उतरवताना त्याच्या हातून एक ट्रे निसटला आणि शेडमधल्या जुन्या गाडीच्या बॉनेटवर बलक ओघळला. मास्तरांनी तेच पिवळे फडके घेतले. पुसता पुसता म्हणाले, "माझ्या बापानं या गाडीतून साहेब नेले. तू तिच्यावर अंडी फोड." मुलाने हातातला दुसरा ट्रे खाली ठेवला. पंधरवड्याने तो दूरच्या शहरात एका शीतगृहात कामाला गेला. जाताना एवढेच म्हणाला, "महिन्यातून एकदा सुरू करत जा, बाबा. बॅटरी उतरेल. इंजिन जरा वाजतंय, ते मी आलो की बघतो."

मास्तर महिन्यातून एकदा गाडी सुरू करत. त्यात त्यांनी कधी खंड पाडला नाही. आणि चासी कापण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मुलाला एकदा फोनही केला. घंटा वाजून वाजून थांबली. फोन केला यालाच मास्तरांनी विचारणे मानले, आणि तो उचलला गेला नाही याला होकार.

बॉडी उचलण्याच्या दिवशी मास्तरांकडून नवशिक्याची चूक झाली. दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या ठोकून मग बॉडी उचलायची असते. वेल्डर दुसऱ्या कामावर गेलेला असताना मास्तरांनी घाई केली आणि शेजारच्या चौघांना हाताशी धरून साखळीच्या कप्पीने ती तशीच वर ओढली. खालचा आधार सुटताच ती मध्ये हलकेच वाकली. अस्तर उसवलेला कोट खांद्यांत पडतो, तशी. नव्या चासीवर बसवली तेव्हा तीन दारे लागली, चौथे, स्टिअरिंगकडचे, लागेना.

"मला विचारायचं तरी होतं," वेल्डर संध्याकाळी म्हणाला.

"तू नव्हतास."

"फोन होता की माझ्याकडं."

"उचलतोस कुठं."

"मी उचलतो, मास्तर," वेल्डर म्हणाला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

ते दार पुढेही तसेच राहिले. वर उचलून ओढले तर लागे, पण धक्क्याने सुटे; नाही तर बोटभर उघडे. बाकी सारे जमत गेले. पिकअपचा किल्लीचा स्विच जुन्या डॅशबोर्डच्या भोकात बसला. गिअरची दांडी यायला जागा नव्हती, तेव्हा मास्तरांनी पुठ्ठ्याचा नमुना कापून पत्र्याला भोक पाडले आणि भोवती चामड्याची झालर स्वतः शिवली. ती पाहून वेल्डर म्हणाला, "एवढं काम मात्र कंपनीलाही जमलं नसतं." नंबरप्लेट लावताना तो हसला. "नंबर चासीचा धरतात, मास्तर. वरून तुमच्या वडिलांची असली तरी कागदावर ही अजून अंड्यांचीच गाडी."

मास्तरांना हसू आले नाही. केबिन आणि हौदा त्याआधीच भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेले होते.

ज्या सकाळी गाडी रस्त्यावर काढायची होती, त्या सकाळी मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोसाठी दार उघडले. "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

"मला नको."

"अगं, एवढी सजवली."

"सजवलीत ना? मग मिरवा."

ते एकटेच गेले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जेमतेम चालत होती, तरी लोक दुकानांतून बाहेर आले. किराणावाला काउंटरमागून उठून उभा राहिला. "वा, मास्तर! अगदी साहेब दिसताय."

"साहेब मागं बसतो," त्याच्या गिऱ्हाइकाने दुरुस्ती केली. "पुढं बसतो तो ड्रायव्हर."

मास्तर हसले. त्यांचा एक हात स्टिअरिंगवर होता, दुसऱ्याने त्यांनी ते न लागणारे दार आतून धरून ठेवले होते. साठ वर्षांनी ते त्या सीटवर बसले होते, आणि त्यांना उतरवायला कुणी येत नव्हते. कोपऱ्यावर बेकरी होती. तिच्यासमोर त्यांनी वेग कमी केला, आणि बाजूच्या दाराने बेकरीवाला लगबगीने बाहेर आला. हाताला पीठ, काखेत रिकाम्या ट्रेंची चळत. समोर जुनी लांबलचक गाडी पाहून तो जागीच उभा राहिला. मग त्याने चळत खाली ठेवली.

"तुम्ही होय. मला वाटलं, अंडी आली. आवाज ऐकला आणि हात आपोआप ट्रेकडं गेले बघा." तो गाडीभोवती फिरला. "मला वाटलं, पोरगा सांगितल्याच्या आधीच आला."

"कुठला पोरगा?"

"तुमचा. परवा फोन झाला आमचा. नोकरी सोडतोय म्हणाला, परत अंडी सुरू करतोय. सोमवारपासून. पहिलं गिऱ्हाईक मी." त्याने वाकून चाकांकडे पाहिले, मग इंजिनाच्या आवाजाकडे कान केला. पुढचे तो हळू बोलला. "मास्तर, पिकअप कुठंय?"

मास्तरांनी गिअर टाकला. तो पहिल्यांदा पडला नाही.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला काही सांगितले नाही. दुपारी ते भंगारवाल्याकडे गेले. केबिन कधीच कापून वितळायला गेली होती. हौद्याचा एक फाळका कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लागला होता. मास्तर त्या दारापुढे थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले.

मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. खांद्यावर एक बॅग, बुटांवर प्रवासाची धूळ. फाटकातून आत येताना त्याला आधी आई दिसली. तो हसला, आणि मग ती कशावर बसली आहे ते त्याने पाहिले. त्या सीटच्या एका कडेला त्यानेच कधी तरी निळ्या दोऱ्याने टाके घातले होते.

"आई, ही सीट इथं कशी?"

ती उठली. तिने शेडकडे पाहिले नाही. पण तो तिकडेच वळला.

मास्तर आजही इस्त्रीच्या शर्टात, गाडीपाशी फडके घेऊन उभे होते. मुलगा गाडीला एक फेरी मारून आला. मग बॅग खाली ठेवून जमिनीवर हात टेकून वाकला आणि खालून पाहू लागला. कापाच्या एका बाजूला खडूची रेघ अजून पुसली गेली नव्हती.

"जोड बरा आलाय," तो उठून म्हणाला.

"मी तुला फोन केला होता."

"हो. एकदा." त्याने तळहात एकमेकांवर झटकले. "दिवसा आत फोन चालत नाही, बाबा. रात्री बघितला. वाटलं, काही महत्त्वाचं असेल तर परत कराल."

"तूही केला नाहीस."

"नाही केला."

त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यातल्या एकीला अंड्याच्या आकाराचा प्लास्टिकचा तुकडा लावलेला होता. तो स्टिअरिंगपुढे बसला. दार ओढले, ते लागले नाही.

"वर उचलून ओढावं लागतं," मास्तर पुढे झाले.

"असू दे."

किल्ली स्विचमध्ये सहज गेली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. सीटपाशी उभ्या असलेल्या आईने पदर तोंडाशी नेला. मुलगा मान किंचित तिरकी करून ऐकत राहिला, एखाद्या ओळखीच्या माणसाचे बोलणे ऐकावे तसा.

"अजून तसंच वाजतंय," तो म्हणाला. "आल्यावर बघायचं होतं ते." आणि त्याने इंजिन बंद केले.

"कागदावर तुझीच आहे," मास्तर म्हणाले. "घेऊन जा. मी काही म्हणणार नाही."

"आणि अंडी कुठं ठेवू? मागं बसवू? साहेबांसारखी? काचा खाली करून?"

त्याने हे थट्टेच्या सुरात म्हटले होते. कुणीच हसले नाही, तेव्हा तो खाली उतरला.

"हौदा उभा करता येईल मागं," मास्तर म्हणाले. "वेल्डर करील. मागची सीट काढू, छत कापू..."

"नको. आणखी काही कापू नका."

आईने ताट वाढले. तो अंगणातच, त्या सीटवर बसून जेवला. पोळी दुसऱ्यांदा मागून घेतली, आईच्या गुडघ्याची चौकशी केली, शीतगृहात कान कसे बधिर होतात ते सांगितले. मास्तर उंबऱ्यात उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटले नाही आणि जा असेही म्हटले नाही. हात धुतल्यावर तो म्हणाला, "बेकरीवाल्याला सांगून जातो. उगाच वाट बघेल सोमवारी."

"मग पुढं?" आईने विचारले.

"राजीनामा दिलाय. परत घेतात का बघतो." बॅग खांद्याला लावून त्याने तिला वाकून नमस्कार केला. मास्तरांनाही केला. मास्तरांचा हात त्याच्या डोक्याकडे गेला, पण तोवर तो सरळ झाला होता.

फाटक वाजले. मास्तर शेडमध्ये परतले. स्विचमध्ये किल्ली तशीच होती. जुडग्यातून काढून ती एकटीच ठेवलेली, अंड्याचा तुकडा खाली लोंबत होता. सीटवर, तो बसला होता तिथे, प्रवासाची धूळ लागली होती आणि रेक्झिनवर अंगाचा दाब अजून उमटून होता. मास्तरांचा फडक्याचा हात आत गेला.

"पुसा की," बायको मागून म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती ते त्यांना कळले नव्हते. "तुमच्या घरची रीतच आहे ती."

ती आत गेली. मास्तरांनी फडक्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि ते खिशात ठेवले. मग दार लावावे म्हणून त्यांनी ते वर उचलले. पण ओढले नाही. ओढले तर धूळ हलेल असे त्यांना वाटले असावे. वडील साहेबांसाठी धरत तसे ते दार एका हाताने उघडे धरून, शर्टाची इस्त्री मोडू न देता, मास्तर तिथेच ताठ उभे राहिले.