सूर्याला विचारून रोवलेला दगड

इतरांच्या नणंदा सकाळी भाकरी करपली का ते बघतात, आमची नणंद सूर्य करपलाय का ते बघते. अंगणात छोटी दुर्बीण मांडायची, तिच्यातून येणारा उजेड पांढऱ्या कागदावर घ्यायचा आणि त्या वाटोळ्या उजेडातले काळे डाग पेन्सिलने टिपायचे, हा पौर्णिमाताईंचा रोजचा उद्योग. दिंद्रुडच्या शाळेत त्या विज्ञान शिकवतात. लग्नाचा विषय काढला की मोबाइल पुढे करून सूर्यावरचा ताजा स्फोट दाखवतात.

सूर्यावर मोठं वादळ उठलं की उत्तरेकडे आभाळ रंगतं, ते डोळ्यांनी बघायचं एवढंच त्यांचं स्वप्न. नॉर्वे आपल्या आवाक्यातलं नाही, पण वादळ फारच मोठं असेल तर लडाखमध्ये हानलेच्या आभाळातही लाली दिसते म्हणे. दोनदा त्या धावत गेल्या आणि दोनदा हात हलवत परत आल्या. या खेपेला वादळ आजवरचं सगळ्यात मोठं होतं, बॅग भरलेली होती, सोबतचे लोक पुढे गेलेले होते. आणि नेमकी वादळ आदळायच्या दिवशीच आमच्या रानाची मोजणी निघाली, म्हणून त्या थांबल्या.

माझे सासरे, बन्सीमामा, यांनी परळीच्या थर्मल वीजकेंद्रातल्या नोकरीवर हे रान घेतलं आणि विहीर खोदली. शेजारच्या गहिनीनाथकाकांचं म्हणणं, विहीर त्यांच्या हद्दीत आहे. रान सपाट करताना जेसीबीने जुना बांध, हद्दीचा दगड, सगळंच उचललं होतं, त्यामुळे कोण खरं ते देवालाही सांगता येईना. त्या विहिरीवर आमची मोसंबी उभी आहे. विहीर गेली तर एका उन्हाळ्यात बागेचं सरपण होणार, हे घरातल्या लहान पोरालाही कळत होतं.

"आबा, आजची मोजणी पुढं ढकला," ताई सकाळी म्हणाल्या. "ते यंत्र उपग्रहावर चालतं. सूर्याचं वादळ आज आपल्यावर आदळलंय, वरची हवा खवळलीय. यंत्र चुकंल."

"पंचांपुढं हे सांगू?" मामा म्हणाले. "लोक म्हणतील, बन्सी भ्याला."

रानात पाच पंच बसले होते. दोन्ही घरांनी मिळून मोजणीवाला आणला होता, त्रिंबक नावाचा. उंच काठी, काठीच्या टोकाला टोपीसारखं यंत्र, हातात पडदा. बोलणं आधीच पक्कं झालं होतं: यंत्र दाखवेल तिथं दगड, आणि गूळ खाल्ला की पुन्हा तोंड उघडायचं नाही. आमच्याकडे दगडाखाली कोळसा पुरतात. दगड कुणी हलवला तरी कोळसा कुजत नाही, खणलं की हद्द सापडते. त्या गुळाचा आणि कोळशाचा शब्द मोडणाऱ्याकडे गावात कुणी पाणीसुद्धा पीत नाही.

ताईंनी तिथेही तेच सांगितलं. गहिनीनाथकाका मिशीत हसले.

"कावून गं पोरी, सूर्य तुमच्या पार्टीत कवा आला?"

सगळे हसले. माझा नवरा सौरभ तर चपलेने माती उकरत खाली बघत राहिला. मलाही लाजच वाटली, खोटं कशाला बोलू?

त्रिंबकने पूर्वेच्या कडेला एक खुंटी ठोकून तिच्यावर काठी टेकवली. पडदा बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. थांबला, पुन्हा टेकवली. "आज लई नखरे करायलंय," असं पुटपुटला, घामाघूम झाला, पण त्याला संध्याकाळी सिरसाळ्याला दुसरी मोजणी होती. तो पूर्वेकडून, आमच्या रानातून, चालत आला, विहिरीपाशी पोचला, विहीर ओलांडली आणि चांगला पुढे जाऊन त्याने झेंडी रोवली.

विहीर आमची. अख्खी, कठड्यासकट आमची!

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी, मनकर्णाआत्यांनी, तिथल्या तिथे हात जोडले. समोर गहिनीनाथकाकांची बायको सुनिता मटकन खाली बसली. काका मात्र झेंडीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता काठी उचलतात. त्यांनी खाली वाकून कोळशाची पाटी उचलली.

"बोललो ते बोललो," ते म्हणाले. "खड्डा घ्या."

सौरभने टिकाव मारला. तेवढ्यात माझं लक्ष ताईंकडे गेलं. त्यांचा तो चेहरा मला ठाऊक आहे. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"ताई, गप बसा. तुमच्या पाया पडते."

"वहिनी, हे खोटं हाय."

"आसू द्या! खोटं आपण कुठं केलं? सूर्यानं केलं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी भांडले असते. नुसती दया होती, आणि तीच मला झोंबली. त्यांनी हात सोडवून घेतला.

"त्रिंबकभाऊ, पहिल्या खुंटीवर काठी परत ठेवा. आकडा तोच आला पाहिजे."

"पौर्णिमे," मामांचा आवाज फुटल्यासारखा आला, "घरी जा."

"आबा, एकदाच. तोच आकडा आला तर मी सूर्याचं नाव काढणार न्हाई."

पंच एकमेकांकडे बघू लागले. गहिनीनाथकाकांना तर काहीच उमजेना. जिंकलेल्या घराची पोर मोजणी मोडायला निघालेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. "यात काय डाव हाय बे?" ते सौरभवर खेकसले. सौरभच्या हातातला टिकाव वरच राहिला.

त्रिंबकने चिडून काठी खुंटीवर ठेवली. आकडा बघितला, पडदा पुसला, पुन्हा बघितला. खुंटी तसूभर हलली नव्हती, पण यंत्राच्या मते ती आता बैलगाडीभर पलीकडे गेली होती. तिसऱ्यांदा ठेवली तर तिसरीकडेच. त्याचा चेहरा पडला.

"आजची मोजणी धरता येत न्हाई," तो म्हणाला.

मामांनी झेंडी स्वतः उपटली आणि कुणाशी न बोलता घरी चालत आले. त्या दिवसापासून त्यांनी ताईंशी बोलणं टाकलं. मीही टाकलं. रात्री ताईंच्या मोबाइलवर हानलेहून फोटो आला: काळा डोंगर आणि त्यावर लालभडक आभाळ. त्या चुलीजवळ बसून तो किती वेळ बघत होत्या. आभाळही गेलं आणि विहीरही, असं मला वाटलं, आणि कीव येण्याऐवजी मला त्यांचा भयंकर राग आला.

पुढच्या आठवड्यात त्रिंबक पुन्हा आला. तेच पंच, तोच गूळ, तीच कोळशाची पाटी. त्याने काठी उचलली तर गहिनीनाथकाकांनी हात आडवा धरला.

"थांब," ते म्हणाले आणि ताईंकडे वळले. "पोरी, सूर्याला इचारलं का?"

या वेळी कुणीही हसलं नाही. ताई म्हणाल्या, "इचारलं, काका. शांत हाय."

त्रिंबकने खुंटीवर काठी तीनदा ठेवली, तिन्ही वेळा आकडा तोच. मग तो पूर्वेकडून चालत आला आणि विहिरीच्या अलीकडेच थांबला. झेंडी रोवली. विहीर गहिनीनाथकाकांची.

मला रडू आवरेना. मामा पुढे झाले, पाटीतला कोळसा त्यांनीच खड्ड्यात टाकला, त्यावर दगड बसवला. मग विहिरीवरची आमची मोटर सोडवायला पाना मागितला. सौरभ आणायला निघाला.

गहिनीनाथकाकांनी गूळ फोडला. पहिला खडा पंचांना द्यायची रीत आहे. काकांनी तो ताईंच्या हातावर ठेवला.

"मोटर राहू द्या, बन्सीभाऊ," ते दगडाकडे बघत म्हणाले. "एक दिवस तुमचा, एक आमचा. पाळीनं घेऊ."

मामांनी विहिरीत वाकून पाणी बघितलं, टॉवेलने तोंड पुसलं. मग इतक्या दिवसांनी त्यांनी पहिल्यांदा ताईंना हाक मारली.

"पौर्णिमे, तुझा सूर्य आता परत कवा खवळंल?"

"सांगता येत न्हाई, आबा."

"खवळला की सांग," मामा म्हणाले. "ह्या बारीला परळीच्या ठेसनावर मी सोडतो तुला."