कानडी बैलाचा शेजारी

मित्रांनो, चाकणच्या कंपन्यांच्या मधोमध जी थोडीफार वावरं उरली आहेत, त्यातल्या एका वावराचा मी जुना बैल आहे. माझं नाव पाखऱ्या. बैल कसा बोलेल, असं तुम्ही विचाराल. मी बोलत नाही, पण ऐकतो, आणि ऐकण्यात मी कुणाला हार जात नाही. या ऐकण्यापायीच माझ्यावर काय वेळ आली, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कुशाबाईच्या गोठ्यातला. मी वासरू असताना ती माझ्यापुढे वैरण टाकायची आणि तोंडाने सारखी बोलत राहायची. सुनेची तक्रार, गुडघ्याचं दुखणं, कांद्याचा पडलेला भाव, सगळं मला सांगायची. ते ऐकत ऐकत मी मराठी शिकलो. मोठा झालो, कुळवाला जुंपला गेलो, तेव्हा कासरा ओढायची कधी गरजच पडली नाही. एका शब्दावर मी निघायचो, एका शब्दावर उभा राहायचो. बांधावरून जाणारी माणसं म्हणायची, "ह्यो बैल न्हाई, मानूसच हाय." मला त्याचा फार गर्व होता. अजूनही आहे.

मग माझा जोडीदार म्हातारा होऊन गेला. कुशाबाईचा मुलगा दादू कंपनीत शिफ्टला जातो आणि उरलेल्या वेळात रान बघतो. त्याने चाकणच्या बाजारातून एक तरणा बैल आणला. पांढराशुभ्र, उंच, शिंगं कशी घडवून काढल्यासारखी. देखणा होता, हे मी नाइलाजाने कबूल करतो. व्यापाऱ्याने तो कुठून आणला, हे दादूने विचारलं नाही. बैलाचे दात बघितले, खूर बघितले आणि घेऊन आला.

जुंपल्यावर मात्र गंमत सुरू झाली. दादू 'चल' म्हणाला की हा ढिम्म उभा. 'थांब' म्हणाला की हा पुढेच. दादू घसा फोडून ओरडायचा, चाबूक उगारायचा, आणि हा नुसते डोळे मोठे करून त्याच्याकडे बघायचा.

"आये, ह्यो ठार बहिरा हाय," दादू शेवटी वैतागून म्हणाला. "येत्या शनवारी बाजारात नेऊन इकून टाकतो."

मित्रांनो, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. त्या संध्याकाळी मला कडबासुद्धा गोड लागला.

पण गोठ्यामागच्या खोलीत बरकत मेकॅनिक आणि त्याची बायको परवीन भाड्याने राहतात. दुसऱ्या दिवशी दादूने चाबूक उगारला आणि परवीन कणकेच्या हातानेच धावत आली.

"मारो नको उसको, भैया! बहिरा नै है वो. उसको मराठी आतीच नै!"

ती बैलाजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "बा, बसवा, बा." तिकडे बैलाला बसवा म्हणतात आणि 'बा' म्हणजे ये, हे मला नंतर कळलं. त्यासरशी हा बहिरा बैल दोन पावलं पुढे आला आणि त्याने तिच्या हाताला नाक लावलं. परवीनच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"हमारे तरफ का है, मावशी," ती कुशाबाईला म्हणाली. "गुलबर्गे का. यहाँ आके मैं किसी से कन्नडा बोलीच नै."

झालं! त्या दिवसापासून परवीन रोज गोठ्यात येऊ लागली. बसवाच्या गळ्याला हात घालून ती कानडीत तासभर बोलायची. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मला वाटायचं, हे माझ्याबद्दलच बोलतात. त्यातून कुशाबाईसुद्धा तिच्याकडून कानडी शिकायला बसली. 'होगु' म्हणजे जा, 'निल्लु' म्हणजे थांब. भाकरी थापताना घोकायची. बसवा 'निल्लु' म्हटल्यावर थांबला की त्याला गुळाचा खडा मिळायचा. मी जन्मभर थांबत आलो, मला कुणी गूळ दिला? माझ्यासाठी कुणी एक शब्द तरी नवा शिकलं? माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहायचो. कान मात्र तिकडेच असायचे.

दादूला हे काही मानवेना. "कंपनीत दिवसभर हिंदी झाडायची, सायबाम्होरं इंग्रजी, आन आता बैलाम्होरं कानडी व्हय? मला न्हाई जमायचं."

शुक्रवारी कुशाबाईने त्याला गळ घातली. "उद्या बाजार हाय. आज एकडाव जुंपून बघ. त्याच्या भाषेत बोल, मग काय ते ठरीव."

दादूने आम्हाला जुंपलं. पण नेमके शेजारचे दादासाहेब बांधावर येऊन बसले होते.

"काय राव, बैलासाठी क्लास लावला म्हनं?" ते हसले.

दादू लाजला. कानडीचा शब्द त्याच्या तोंडातून फुटेना. तो आपला मराठीतच ओरडत राहिला, आणि कासरा ओढून ओढून कुळव कसाबसा चालला होता. आमच्या वावराला लागून एका कंपनीच्या भिंतीसाठी खोल चर खणलेला आहे. आम्ही त्या बाजूला वळलो आणि रस्त्यावरच्या कंटेनरने कानठळ्या बसवणारा हॉर्न दिला. बसवा बिथरला आणि उधळला. हिसक्याने कासरा तुटला. एकाच जुवाखाली मान असलेला मी, त्याच्याबरोबर फरपटत चराकडे निघालो.

"थांब! थांब!" दादू ओरडत होता. मला थांबायचं होतं, पण तरण्या बैलाच्या ओढीने माझेही पाय पळतच होते. माती चराच्या काठावरून ढासळताना मला दिसली. तेव्हा दादूची लाज गळून पडली आणि तो जिवाच्या आकांताने ओरडला, "निल्लु! बसवा, निल्लु!"

आणि मित्रांनो, आधी मी थांबलो. शब्द कानावर पडला आणि माझं सगळं अंग जागच्या जागी उभं राहिलं. माझ्या मागोमाग बसवाही थांबला. त्याचा पुढचा खूर काठावरच होता.

दादासाहेब धावत आले. "आरं, म्हातारा आधी थांबला! ह्याला कानडी कुनी शिकिवली?"

परवीन धापा टाकत आली होती. ती माझ्याकडे बघून हसली. "ये चोरी से सुनता था. मेरे कू मालूम था."

शनिवारी कुणी बाजारात गेलं नाही. बसवा राहिला. गावात माझं नाव झालं, दोन भाषांचा बैल म्हणून लोक बघायला आले. मला गूळही मिळाला. मला वाटलं, आता माझे दिवस फिरले.

फिरले खरे, पण कसे ते ऐका. दादूची कानडीची लाज गेली आणि त्याला सोय कळली. आता तो आम्हा दोघांना एकच हाक देतो, कानडीत. कुशाबाईसुद्धा गोठ्यात आली की कानडीच बोलते, कारण बसवाला तेवढंच कळतं आणि मला दोन्ही कळतं. ज्याला दोन्ही कळतं त्याचीच भाषा बाजूला पडते, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून मित्रांनो, लांबून आलेल्याला बहिरा ठरवू नका. त्याच्या भाषेतले दोन शब्द शिका, त्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. पण तुमच्या घरातही कुणी जुनं असेल, जे सगळं समजून घेतं आणि कधी तक्रार करत नाही. त्याच्याजवळ रोज घडीभर बसा आणि त्याच्या भाषेत काहीतरी बोला. गुडघ्याचं दुखणं सांगितलंत तरी चालेल.