पहारेकऱ्याशी बोलणी

बाबा मोठमोठ्या कंपन्यांत जाऊन माणसांना माणसांशी बोलायला शिकवत. त्यासाठी त्यांच्याकडे दोन दिवसांचा अभ्यासक्रम होता, रंगीत कार्डं होती आणि एक कोट होता. इकडे त्यांची लेक मात्र दर शनिवारी जेवणाच्या टेबलाशी दोन दोस्त जमवून फासे टाकत बसे, तेही कुठलंच प्रमाणपत्र न देता. दोस्त चोर नाहीतर जादूगार व्हायचे. लेक सूत्रधार. गोष्ट तीच पुढे न्यायची आणि वाटेत भेटणारी बाकी सगळी माणसंही तीच वठवायची.

"आज मी बसून बघणार," बाबांनी जाहीर केलं. "आयुष्यात उपयोगी पडेल असं काही दिसलं नाही, तर पुढच्या शनिवारपासून हे बंद."

लेकीचा चेहरा उतरला, आवाज नाही. "बघायला नाही, खेळायला बस. तू योद्धा. टेबलाशी बसून जे बोलशील, ते योद्धा बोलला असं धरणार."

बाबा हसले. बोलण्याचे नियम आता ते लेकीकडून शिकणार होते.

खेळ सुरू झाला. मागे लांडगे, समोर किल्ल्याचा दरवाजा, दारात म्हातारा पहारेकरी. बाबांनी घसा साफ केला, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. "हे बघ, जमत नसेल तर घरी बस," ते फोनवर म्हणाले. "तुझ्यासारखे छप्पन्न मिळतात."

फोन ठेवला तर तिघं त्यांच्याकडेच बघत होती.

"पहारेकऱ्याने ऐकलं," सूत्रधार म्हणाली. "आत जाऊन त्याने कडी घातली."

"अगं, ते मी असिस्टंटला..."

"काका, नियम," जाड्या म्हणाला. तो चोर होता आणि नियमांचा भलताच पक्का.

बाबांनी अभ्यासक्रम बाहेर काढला. "मी आपल्या भावनांचा आदर करतो. दोघांच्या हिताचा मार्ग काढू या."

"पाठ करून आलाय का हा?" लेकीने म्हाताऱ्याच्या घोगऱ्या आवाजात विचारलं.

लांडगे जवळ आले. जादूगार झालेली चष्मिष पुढे सरकली. "आजोबा, आमचा माणूस तोंडाचा फाटका आहे. लागलं ना तुम्हाला? कधीपासून उभे आहात?"

"सकाळपासून. बदलीवाला फिरकलाच नाही."

"मग आम्हाला आत घ्या. आमचा चोर पहारा देईल, तुम्ही जरा पाठ टेका."

"मीच का?" जाड्या फुरंगटला.

"अंधारात तुलाच दिसतं म्हणून."

हे जाड्याला पटलं.

"आधी त्या फाटक्याने माफी मागायची," म्हातारा म्हणाला.

माफी कशी मागावी यावर बाबा जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलू शकत. ते पाणी प्यायले. मग म्हणाले, "चुकलं माझं."

कडी निघाली.

खेळ संपल्यावर लेकीने फासे गोळा केले. "मग? बंद?"

"चालू दे," बाबा उदारपणे म्हणाले. "पुढच्या शनिवारी मीही येतो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका, तुमचा योद्धा म्हणजे आमचा आधार," चष्मिष म्हणाली. "त्याला किल्ला राखायलाच ठेवू या. आम्ही पुढे जाऊन वाट मोकळी करतो आणि निरोप धाडतो."

"त्याच्या भरवशावर तर निघतोय आपण," लेकीने जोड दिली.

बाबांना भरून आलं. त्याच भरात ते स्वयंपाकघरात गेले आणि मुलांची आपल्यावर केवढी भिस्त आहे, ते आईला सांगू लागले.

"म्हणजे काढलं तुला," आई म्हणाली.

बाबांनी सगळं बोलणं मनात पुन्हा घोळवून पाहिलं. इतक्या अदबीने त्यांना आजवर कुणी काढलं नव्हतं.