मधलं फाटक

"आधी दार लावून घे, मग विचार काय होतंय ते."

जुन्या सिस्टरबाईंचा हा आवाज परिचारिकेच्या कानात अजून ताजा होता. घेतला वसा तिने टाकला नव्हता. आता बायका दवाखान्याच्या वेबसाइटवर प्रश्नांच्या चौकटीत लिहीत, तरी उत्तर द्यायला ती दार लावूनच बसे.

गेल्याच आठवड्यात एका शिक्षिकेने तर तिथे नवऱ्यापासून लपवलेलं दुखणं लिहिलं होतं. "तुझं माझ्यापाशीच राहील. तिसऱ्याच्या हाती गेलं, तर मीच येऊन सांगेन," असा शब्द हिने दिला होता.

आणि आज समोर दीर बसला होता. दवाखान्याचे संगणक तोच सांभाळी. कुणीतरी यंत्रांकरवी पाठवलेल्या खोट्या भेटींच्या लोंढ्याने साइट सारखी बंद पडे, म्हणून महिन्यापूर्वी त्याने ती एका बड्या कंपनीच्या आडोशाला नेली होती.

"मध्ये फाटक बसवलं, वहिनी. खोटे तिथेच गळतात."

"आणि चौकटीत लिहिलेलं?"

"घाईत तेही तिथूनच वळवलं."

"पण स्क्रीनवर वर कुलपाचं चित्र दिसतं ना, मधल्या कुणाला वाचता येत नाही म्हणून?"

"ते फाटकावर उघडतं, पुन्हा लागतं." तो चाचरला. "वाचत नाही हो कुणी!"

"पण कंपनीवाले वाचू शकतात?"

"शकतात. पण अर्ध्या जगाची ये-जा तिथून. तुमच्या चार ओळींत कुणाला रस?"

"म्हणजे एकाच पहारेकऱ्याला सगळ्यांची घरं ठाऊक. छान!"

डॉक्टर आतून म्हणाले, "फाटक काढलं तर पुन्हा रोजची बोंब."

"काढू नका. दवाखान्याचा पत्ता, वेळा राहू द्या त्यामागे. चौकट तेवढी आपल्या घरात आणा."

"आणि ती बंद पडली तर?"

"फोन आहे. मी आहे."

दिराने कपाळाला हात लावला, पण काम मनापासून केलं. चौकट थेट दवाखान्याच्या संगणकावर आली. दोनच दिवसांत पुन्हा लोंढा आला. पुढचं पान फाटकामागे तरलं. चौकट गोगलगाईसारखी सरकत होती, पण बंद पडली नाही. भर लोंढ्यात एक प्रश्न मधल्या कुणाचा हात न लागता सुखरूप पोचला.

"वहिनी, जिंकलात!" दीर ओरडला. डॉक्टरांनी टाळी वाजवली.

तिचं तोंड उजळलं. मग तिने पर्स उचलली.

"आता कुठे?"

"फाटकातून आधीच गेलेलं सांगून यायचंय. त्या शिक्षिकेला शब्द दिलाय."

"अहो, काही झालंच नाही! कशाला उगीच?"

"झालं नाही, हेही तिला कळायला हवं ना, भाऊजी?"

जिन्यात तिने फोन लावला. "घरी आहेस? नाही गं, फोनवर नको. दार लावून बसू. मी येतेच."