बाहेरच्यांच्या बाकावर

माझी बायको कवळ्या करते. दवाखान्यांना कवळ्या पुरवणाऱ्या एका कारखान्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. तिथली मुख्य कारागिराची जागा रिकामी झाली तेव्हा बाहेरून अर्ज आलेले असूनही मालकांनी ती हिलाच देऊ केली. बाईसाहेब काय म्हणाल्या असतील? "त्यांच्याबरोबर माझीही परीक्षा घ्या."

मी भडकलो. "अगं, ताटात वाढलेलं कुणी लोटून देतं का?"

"आधीचा मुख्य कारागीर म्हणजे मालकांचा भाचा. सगळे त्याला पाठीमागे भाचेबुवा म्हणायचे. आणि अहो, सगळ्यात जास्त मीच हसायचे. मला तसली जागा नको."

एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. हट्टी आहे, हे मी तिला रोज सुनावतो. पण इतकं सरळ माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून ती बाहेरच्या दोघांशेजारी बाकावर बसली. तिघांना एकाच आजोबांच्या जबड्याचे साचे दिले होते. मेणावर दात बसवायचे आणि मग आजोबांनी त्या कवळ्या घालून बघायच्या.

संध्याकाळी ती आली ती थेट न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ वाहत होता. मी काय ते समजलो आणि मालकांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "सांगत होतो ना" हे शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते, पण तीच बोलायला लागली.

"माझे दात एकसारखे, देखणे. सगळ्यांनी वाहवा केली. पण बाहेरून आलेल्या एका बाईंनी कामाला हात लावायच्या आधी आजोबांबरोबर आलेल्या त्यांच्या बायकोला, आजींना गाठलं. विचारलं, 'हे हसायचे कसे?' आजी म्हणाल्या, पुढचा एक दात जरा तिरका होता. बाईंनी तो तसाच बसवला. आजोबा आरशात बघून हसले, आणि आजी म्हणाल्या, 'अगंबाई, आले की आमचे हे!' आता सांगा, मालकांनी मला कसं निवडायचं?"

"मग रडलीस कशाला?"

"जागा हवी होती मला. खूप हवी होती."

माझा राग कुठल्या कुठे गेला. ती मुख्य झाली असती तरी मला तिचा इतका अभिमान वाटला नसता. तरी खोड जाईना. "मालक देत होते तेव्हाच हो म्हणाली असतीस तर?"

तिने बाहीनेच नाक पुसलं. "तर आजोबा माझे दात घालून फिरले असते, आणि आजींना त्यांचे हे मिळाले नसते."