तिसऱ्या दिवशीचं लक्षण

मंदाकिनीबाईंनी पेजेचा चमचा पुढे केला. श्यामसुंदररावांनी तोंड उघडलं, पण ते पेज घ्यायला नव्हे.

“तू जेवलीस का?”

चमचा हवेतच राहिला. पेजेचा एक थेंब चादरीवर सांडला. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून त्यांनी खांदे आवळले. श्यामसुंदररावांनी तो थेंब बोटाने टिपून घेतला.

“असू दे. दमली असशील.”

मंदाकिनीबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

श्यामसुंदररावांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्मभर माल तपासला, त्यातला बराचसा नापास केला आणि निवृत्तीनंतर तेच काम शनिवार पेठेतल्या घरी सुरू ठेवलं. आमटी, इस्त्री, माहेरची माणसं, बायकोचं हसणं, काहीच पास होत नसे. लग्नानंतरची पहिली पंधरा वर्षं मंदाकिनीबाई रडल्या. पुढची एकोणतीस त्यांनी उत्तरं दिली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही तेच. आतड्याचा कर्करोग, वय अठ्ठ्याहत्तर. भूल देणाऱ्या डॉक्टर कल्याणी कागद घेऊन समोर बसल्या होत्या.

“हुंगायच्या भुलीऐवजी मी शिरेतून औषध देणार आहे. या वयात कोणतं बरं, यावर आमच्यातच एकमत नाही. पण आधी झोपेची गोळी नक्कीच देणार नाही. तरी दोनचार दिवस डोकं गोंधळू शकतं. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. शांतपणे गोंधळलेला मात्र निसटतो, तो घरच्यांनाच ओळखू येतो.” त्या मंदाकिनीबाईंकडे वळल्या. “नेहमीचा माणूस वाटला नाही, की लगेच सांगा. उशीर झाला तर काहींचं डोकं पूर्वीसारखं होतच नाही.”

“लक्ष ठेवायला दुसरं कोणी बघा, डॉक्टर,” श्यामसुंदरराव म्हणाले. “हिचं दुधावरही राहत नाही.”

“उठलात तर ठेवीन,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

डॉक्टर मान खाली घालून लिहीत राहिल्या.

आणि आज हा असा माणूस समोर होता.

“बस ना जरा,” तो म्हणत होता. “पाय बघ किती सुजलेत तुझे.”

पायांवरची सूज चार वर्षांची होती. मंदाकिनीबाईंनी दाराकडे पाहिलं. उठून सांगायला हवं होतं, लगेच. त्या बसल्या. श्यामसुंदररावांनी सुई टोचलेला हात सरकवत आणून त्यांच्या मनगटावर ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला. बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली, परत आली. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं झाली, तशा त्या चोरी पकडली गेल्यासारख्या उठल्या आणि डॉक्टरांना घेऊनच आल्या.

“हे नेहमीसारखे नाहीत, डॉक्टर.”

“म्हणजे काय करतात?”

मंदाकिनीबाईंनी पदर सारखा केला. “जेवलीस का म्हणून विचारलं मला. दमली असशील म्हणाले.”

मागे उभ्या असलेल्या नर्सला हसू फुटलं. डॉक्टर कल्याणी हसल्या नाहीत. खुर्ची ओढून त्या पलंगाशी बसल्या.

“काका, आपण कुठे आहोत?”

“हॉस्पिटलात. तिसरा मजला. पंखा आवाज करतो.”

“वार?”

“गुरुवार.”

“डिसेंबरपासून उलटे महिने म्हणून दाखवा.”

श्यामसुंदरराव छताकडे बघत, कुठेही न अडखळता जानेवारीपर्यंत आले. “मराठीही हवेत? फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष...”

“पुरे, पुरे.” डॉक्टरांनी आणखी दोनचार गोष्टी तपासल्या आणि उठल्या. “यांचं डोकं अगदी जागेवर आहे, काकू. निश्चिंत राहा.”

नर्स तोंडावर हात धरून त्यांच्या मागोमाग गेली.

श्यामसुंदररावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. त्यांचा कान लाल झाला होता.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “पुन्हा नाही विचारणार.”

मंदाकिनीबाईंनी वाटी उचलली. पेज निवून वर साय धरली होती. ती चमच्याने मोडता मोडता त्यांचा हात थांबला. तीन दिवस त्या यासाठीच झुरत होत्या, की यांचं डोकं शाबूत राहावं. ते शाबूत होतं. बहुधा पहिल्यापासूनच होतं.

त्या नवऱ्याच्या पाठीकडे वळल्या.

“म्हणजे येत होतं तुम्हाला,” त्या म्हणाल्या.